धवलभाईच्या बॅगेचा सोनेरी टॅग

मंगळवार, संध्याकाळ. पांडेसरा, सुरत.

दिल्लीहून आत्ताच घरी आलो. चहा समोर निवतोय, पण तो सोनेरी टॅग काही डोक्यातून जात नाही.

कापड रंगवणारा डाइंग मास्टर म्हणून दहा वर्षं मी मिलसाठी विमानानं हिंडतोय. गिऱ्हाइकाला शेड दाखवायची, पसंत नाही पडली की पुन्हा रंगवून पुन्हा जायचं. आणि विमान कंपनीचं गोल्ड कार्ड मिळालं कुणाला? शेठच्या मुलाला, धवलभाईला! वर्षात दोनदा विमानात बसला असेल. मिलचे रंग, केमिकल, सगळी खरेदी तो स्वतःच्या क्रेडिट कार्डावर करतो, त्यावरच हे मिळतं म्हणे. अरे, पण त्या रंगांत हात कुणाचे बुडतात?

या वेळी तोही बरोबर होता. दिल्लीत तो गोल्ड कार्डवाल्यांच्या वेगळ्या रांगेतून पुढे गेला, मी मागेच. सुरतला त्याची, कार्डामुळे सोनेरी टॅग लागलेली बॅग सगळ्यांत आधी आली. तरी त्याला निघता येईना, कारण गिऱ्हाइकानं पास केलेली कापडाची सॅम्पलं माझ्या बॅगेत होती आणि ती आजच मिलमध्ये हवी होती. माझी बॅग अगदी शेवटी आली. मनात म्हटलं, बरं झालं. आता तरी विचारेल, मास्टर, तुमचं कार्ड काढू का?

तो म्हणाला, "मास्टर, आवती वखते सॅम्पल मारी बॅगमां मूकी देजो."

म्हणजे पुढच्या वेळी मी रंगवलेलं कापड त्याच्या बॅगेत, सोनेरी टॅग लावून त्याच्या गाडीतून जाणार. आणि मी माझ्या बॅगेची वाट बघत बेल्टजवळ उभा!