जावयाने भरलेली दुधाची बॅग

ती. सौ. आईंना,

जावयाचा वाकून नमस्कार (पाकिटात मावेल इतका). तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? बाबांचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला तुमच्या लेकीने बजावलंय, म्हणून आधी ते लिहून मोकळा झालो. आता खरं काय ते लिहितो. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं पाळण्यापर्यंत ऐकू जातं आणि पाळण्याशेजारी तुमची लेक बसलेली असते.

तुम्हाला माहीतच आहे, सोमवारपासून ती पुन्हा कामावर जाते. त्या नकाशांच्या कचेरीत दुपारी तिला जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायच्या खोलीत बसून दूध काढून बाटलीत भरावं लागतं. (सासूबाईंना असलं लिहिताना माझे कान तापलेत, पण काय करू? आधी 'द्रवपदार्थ' लिहून पाहिलं, ते जास्तच वाईट दिसलं.) ते दूध दुसऱ्या दिवशी मी तुमच्या नातीला पाजतो, आणि संध्याकाळी ती घरी आली की मी कारखान्यात दुसऱ्या पाळीला पळतो. दूध काढायला एक यंत्र आहे, आणि यंत्राला एक बॅग. मोटर, नळ्या, फनेल, बाटल्या, बर्फाची पिशवी, फडकी, बदलायचे कपडे... आई, याहून कमी सामानात माणसं परगावी राहायला जातात. पहिल्या दिवशी बाटल्यांची झाकणं राहिली. दुसऱ्या दिवशी वायर. तिसऱ्या दिवशी सगळं आठवणीने भरलं आणि बॅगच दारात राहिली. झोप नसलेल्या माणसाचं डोकं ते, किती चालणार? सुट्टीत फ्रीजरमध्ये साठवलेलं दूध या भानगडीत संपत आलं, ती रडकुंडीला आली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बॅग माझ्यावर सोड."

इथेच घोळ झाला. मी काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे आणि माझ्या हातून गेलेला पेला आजवर फुटलेला नाही. मी ते यंत्र सुटं केलं, एकेक भाग कागदात गुंडाळला, मध्ये पुठ्ठे घातले, वरून चिकटपट्टी मारली. आता, आमच्याकडे नवं यंत्र आलं की नळ्यांच्या तोंडाला रबराची बुचं असतात, वाटेत धूळ जाऊ नये म्हणून. वापरण्याआधी ती काढायची. या फनेलच्या खालीसुद्धा पांढऱ्या रबराची दोन टोपणं होती, चिमणीच्या चोचीएवढी. मला वाटलं, बिचारी इतके दिवस बुचं न काढताच वापरतेय! काढली आणि माझ्या बुचांच्या बरणीत टाकली. (हो, माझ्याकडे बुचांची बरणी आहे. कधीतरी लागतात. त्या बरणीबद्दल तुमची लेक तुमच्याशी बोललीच असेल.)

काल दुपारी फोन आला. यंत्र घरघरतंय, बाटलीत थेंब नाही. त्यात निम्मी सुट्टी चिकटपट्टी सोडवण्यात गेलेली, कारण तिला शेजारच्या टेबलावरून कात्री मागून आणावी लागली. मी विचारलं, वायर लावलीस का? त्यावर ती जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. मग कळलं की ती रबरी चोच म्हणजेच यंत्राचा जीव. ती नसली की यंत्र नुसती हवा ओढतं. तिकडे तिला ठणका लागलेला, कपडे भिजलेले, इकडे उद्याच्या बाटलीचा पत्ता नाही. माझं डोकंच चालेना. बरणीत शेकडो बुचं, सगळी एकमेकांची भावंडं. शोधत कुठे बसता? अख्खी बरणी काखोटीला मारली, मुलीला खांद्यावर घेतलं आणि बस पकडली. (तिची दुपारची बाटली घरीच राहिली, हे बसमध्ये आठवलं.)

कचेरीच्या दारात पहारेकरी. बरणीत काय आहे? बुचं. कशाची? यंत्राची. कुठल्या यंत्राची? आता याला काय सांगू? त्यात मुलीने भुकेने इमारत डोक्यावर घेतली होती. मी तिला थोपटत समजावत होतो की थांब ग बाळा, आधी आईला बूच नेऊन देऊ, मग ती दूध काढेल, मग ते मी घरी आणेन, मग तुला मिळेल. तेवढ्यात कचेरीच्या मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, मग ते मूलच आत द्या की!"

आई, शपथेवर सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. फोनवर तुमच्या लेकीलाही सुचलं नव्हतं.

मूल आत गेलं आणि सगळं शांत झालं. मी नकाशांच्या खोलीच्या दाराला बाहेरून पाठ लावून उभा राहिलो, कारण त्या दाराला कडी नाही. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. मुलगी गाढ झोपलेली, हिचे डोळे सुजलेले. म्हणाली, "नको ती बॅग आणि नको ते यंत्र. मी सरळ नोकरी सोडते. आई म्हणतच होती." मी मुलीला खांद्यावर घेतलं आणि निघालो. चोची परतीच्या बसमध्ये सापडल्या. शेवटी टाकल्या होत्या ना, त्यामुळे बरणीत सगळ्यात वरच होत्या.

तर असं सगळं ठीक आहे. बाबांना नमस्कार सांगा.

आपला आज्ञाधारक (आणि बॅगेच्या कामावरून बडतर्फ झालेला)
जावई

ता. क. ती रविवारी तुम्हाला फोन करून विचारणार आहे, नोकरी सोडू का म्हणून. या खेपेला पटकन 'सोड' म्हणू नका. तिच्यासारखा नकाशा कचेरीत दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं त्या मोठ्या बाईंनी मला मुद्दाम सांगितलं. रागवायचंच असेल तर मला रागवा.

आणखी एक. वरचं कारण खरं आहे, पण माझं कारण ते नाही. नोकरी गेली की बाटली गेली. दुपारी मी बाटली धरतो तेव्हा मुलगी माझं बोट घट्ट पकडून माझ्या तोंडाकडे एकटक बघत पिते, आणि पिऊन झाल्यावरही बघत राहते. काल ती आत गेली आणि रडायची थांबली, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाटलं, आता हिला माझं काय काम? हे लेकीला सांगू नका, ती हसेल. पण आई, तेवढी एक बाटली माझ्याकडे राहू द्या.