पाच फूट सहा इंच

११ जानेवारी १९३८, खामगाव

नागपूरहून मानसशास्त्राचे प्रोफेसर भगवंतराव आज आमच्या मुलींच्या शाळेत आले. उंचीचा स्वभावाशी काय संबंध, यावर निबंध लिहिणार आहेत. माझ्या वर्गात एकेकीला उभं करून विचारलं — उंची किती, वजन किती. मोजायचं नाही, नुसतं विचारायचं.

वजनावर पोरी खुदखुदल्या. "कापसाच्या काट्यावर बसून येऊ काय, सर?" एक म्हणाली, "आईले विचारून उद्या सांगतो."

मी म्हटलं, माझ्याकडे शिवणाची फीत आहे, मोजूनच घेऊ. तर म्हणाले, "मी मुलींना फीत लावली तर गाव जोडे मारील, बाई. आणि स्वतःची उंची कुणी खोटी कशाला सांगेल?"

कशाला सांगेल! इथं लग्नाला आलेली प्रत्येक पोरगी पाच फुटांचीच असते. आई सांगते तेवढी.

फक्त आमची कोकिळा, माझ्या दादांची लेक, ताठ उभी राहून म्हणाली — पाच फूट सहा इंच. पुढच्या बाकावरच्या तानूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रोहिणखेडच्या ज्या इंद्रभानशी कोकिळाचं ठरत आलंय, त्याची ही बहीण.

१२ जानेवारी

घरात आग. दादांनी रोहिणखेडला पाच फूट सांगितलेलं. इंद्रभान जेमतेम सव्वापाच. वहिनी म्हणाल्या, "काऊन वं, तुले काय बक्षीस भेटनार होतं?" कोकिळा खाली मान घालून — "हाय ते सांगितलं."

मी तिला जवळ घेतलं. माझ्या लग्नात नवऱ्यामुलाच्या पायाखाली दोन पाट होते, माझ्याखाली एकही नाही. मग सारा संसार त्यांच्या शेजारी वाकून उभी राहिले. ते गेले, तरी पाठ सरळ झाली नाही. या पोरीची तरी राहो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना 'गोड बोला' कुणी तोंडभरून म्हटलं नाही.

१५ जानेवारी

शिवणाच्या तासाला मीच सगळ्यांना भिंतीशी उभं करून मोजलं. प्रत्येक जणी सांगितल्याहून दोन-तीन इंच जास्त. कोकिळा तेवढी बरोबर. प्रोफेसर अजून गावातच होते, धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी तोवर मत बनवलेलं — बाकी मुली नम्र, ही एक आत्मप्रौढ! ती खरंच तेवढी आहे, म्हटलं. हसले. "आपण तिच्या आत्या. आपलं मोजमाप कसं धरायचं?"

म्हणजे वीस खोट्यांवर विश्वास, आणि फितीवर नाही.

१९ जानेवारी

रोहिणखेडहून नकार. इंद्रभानचे वडील किसनराव यांचा निरोप मध्यस्थानं ओसरीवर उभ्यानंच सांगितला — "पोरगी उंच हाय, हे चाललं असतं. पन चारचौघांत आपली उंची सांगते, असी सून आमाले नाही पाहिजे."

पाणीही न घेता गेला. दादा माझ्याशी बोलत नाहीत. वहिनी बोलल्या — "तुमच्याच शाळेनं घात केला."

एवढ्या वर्गात एक पोर खरं बोलली. नागपूरच्या निबंधात ती गर्विष्ठ, रोहिणखेडात निर्लज्ज. उद्या वर्गात उभी राहून मी मुलींना काय शिकवू? खरं बोला म्हणून?

२० जानेवारी

सकाळी माझे डोळे पाहून कोकिळा चुलीपाशी येऊन बसली. हळूच म्हणाली — "आत्या, तू नको रडू. मले तो इंद्रभान नकोच होता. तानू वर्गात नसती, तं मीबी पाच फूटच सांगितलं असतं."