लॅकरवाल्याची निरवानिरव

मी, मोटरसायकलच्या पार्टांना चकाकी देणारा, लोकांच्या तोंडी 'लॅकरवाला', हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायको शेजारी बसली आहे, पण ती नेहमीच बसते.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोला. शिल्लक बघून तिने हसू नये.

२. दुकान मुलीला. इंजिनाच्या कव्हरांवर पारदर्शक लॅकर मारण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. माझ्या हातचे ओघळ अजून रस्तोरस्ती फिरताहेत. फक्त पॉलिश तिला येत नाही, आणि त्यावाचून दुकान तग धरणार नाही. मी काय शिकवणार, कपाळ? पॉलिश कायम माझ्या धाकट्या भावाने केलं.

३. आता आमचं भांडण. अ‍ॅल्युमिनियमचं एक कव्हर त्याने असं चमकवलं, की त्यात बघून मी मिशी कातरली. पण इतक्या गुळगुळीत धातूला लॅकर धरत नाही, म्हणून मी त्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवला.

"दादा, आरशाला ओरखडे काढतोस?" तो ओरडला.

"तुझं झालं ना? आता माझं काम बघ."

हवा दमट होती. त्यामुळे लॅकर वाळलं ते पांढरं, धुरकट.

"आरसा दिला होता, त्यावर साय धरलीस!"

"हल्ली असंच चालतं," मी म्हणालो. तिथे हसून मोकळं व्हायचं, तर दोघेही रुसून बसलो. तो दुकान सोडून गेला तो गेलाच. पॉलिशपेपरचं माझं बरोबर होतं. कमी पडली ती अक्कल.

४. सबब, पॉलिशचं बफिंग मशीन भावाला देत आहे. अट एकच : ते दुकानाच्या फरशीत बोल्टांनी पक्कं बसवलं आहे, तिथून हलवू नये. वापरायचं तर त्याने दुकानात यावं. शेजारी उभी राहून पुतणी त्याचे हात बघत असेल. तिला हाकलू नये.

हे वाचून बायको म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी मरायची काय गरज?"

तेव्हा कलम चार माझ्या मरणाची वाट न बघता उद्या सकाळपासून लागू समजावं. हा कागद घेऊन मी स्वतः त्याच्या दारात जाणार आहे. त्याने दार तोंडावर लावून घेतलं, तरी कलम बदलू नये.

लिहून देणार : लॅकरवाला (सही)

साक्षीदार :
समोरचे पंक्चरवाले (सही)
वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)

स्थळ : आमचं दुकान
दिनांक : ९ जानेवारी २०२५