मुग्लिङ २

काठमांडू, कार्तिक ३, वि. सं. २०५३

चि. सौ. तुळसा हीस होमनाथदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे क्षेम. यंदा भाऊबीजेच्या टिळ्याचा मुहूर्त अकरा पंचावन्नचा आहे. मी सकाळच्या विमानाने येतो. पोखरा आकाशातून पंचवीस मिनिटं. रस्त्याने दोनशे किलोमीटर आणि सात तास. वर्गात स्थितप्रज्ञाची लक्षणं शिकवणाऱ्या माणसाला बसच्या तिसऱ्याच वळणावर खिडकी गाठावी लागते, हे तुला ठाऊक आहे. तू मात्र मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी बसू नकोस. दोन घास खा. शास्त्राचं मी बघून घेतो.

लोभ वाढवावा, साखर वाढवू नये.

दादा

पोखरा, कार्तिक ११

ती. दादास तुळसाचा शि. सा. न.

तुझी पंचवीस मिनिटं गेल्या वर्षी पाहिली. धुकं उठेना, तू विमानतळावर श्लोक म्हणत बसलास आणि दुपारी चारला आलास, तेव्हा मी अंगणात घेरी येऊन पडले होते. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणतात. पण टिळ्याआधी मी घास घेणार नाही. तो यमाचा आणि माझा मामला आहे, पंडितांनी मधे पडू नये.

आदल्या दिवशी ये म्हणावं, तर गोवर्धनपूजा तुझ्यावाचून अडते. म्हणून असं करू: तू एकशेदहा किलोमीटर ये, मी नव्वद येते. मुग्लिङला ह्यांच्या मावसभावाची खानावळ आहे. पहाटेची बस धर. तोंडात लप्सीच्या फळाची आंबट वडी ठेव. अर्धाच रस्ता, म्हणजे ओकणंही अर्धंच. यमाला अडवायचा अक्रोड खानावळीच्या उंबऱ्यावर फोडीन.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, वेळेवर पोहोचून दाखव.

तुझी तुळसा

काठमांडू, मंसिर (मार्गशीर्ष) १

चि. सौ. तुळसा हीस आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. तुला रागावण्याच्या भरात माझी बाजू सांगायची राहिली.

अकराला बस थांबली. पुढे ट्रक उलटला होता. मुग्लिङ पाच किलोमीटर राहिलं होतं. ड्रायव्हर म्हणाला की, पंडितजी, दुपारपर्यंत चाकही हलणार नाही, झोप काढा. मला खानावळीत उपाशी बसलेली तू दिसत होतीस. उतरलो आणि चालू लागलो. पोट रिकामंच होतं, ती व्यवस्था वळणांनी आधीच केली होती.

आणि समोरून तू, हातात ताट, कोपराला मखमलीच्या फुलांची माळ! रस्ता अडल्याचं ऐकून उपाशीपोटी दोन किलोमीटर चालत आलीस, याबद्दल पुन्हा एकदा रागावतो. अकरा बावन्न झाले होते. उंबरा नव्हता, म्हणून 'मुग्लिङ २' लिहिलेल्या मैलाच्या दगडावर तू अक्रोड फोडलास. ग्रंथांत याला आधार नाही. मी शोधणारही नाही.

मग तिथे अडकलेले ट्रकवाले मान खाली घालून रांगेत उभे राहिले. बहिणी दूर, टिळा कोण लावणार? तू तशीच त्यांच्याकडे वळलीस. तांदळाची पहिली सेलरोटी मी तुझ्या तोंडात जबरदस्तीने कोंबली, त्याचा मला पश्चात्ताप नाही. तोंड भरलेलं असल्यामुळे तुलाही प्रथमच उलट बोलता आलं नाही.

संध्याकाळी परतताना नेमकी तीच बस मिळाली, मुग्लिङहूनच माघारी फिरलेली. ड्रायव्हरच्या कपाळावर तुझ्या टिळ्याचे सात रंग होते; माझ्यामागून चालत येऊन तोही रांगेत लागला होता. त्या दगडापाशी त्याने आपणहून बस हळू केली आणि मला विचारलं की, पुढल्या वर्षी मुहूर्त किती वाजताचा आहे?

अक्रोड जास्त आण. येण्याआधी मात्र खाऊन निघ, हे थोरल्या भावाचं सांगणं समज.

लोभ आहेच.

दादा