दोरीवरचा खाकी शर्ट

मंगळवार, दिनांक १४ मार्च
दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे

प्रिय ताई,

टंकलेखन विभागाच्या खोलीत, खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर बसून हे लिहितो आहे. आत्तापर्यंत पाणीपुरवठ्याच्या उत्तराच्या प्रती जुळवत होतो. सतरा जुळवल्या. अठराव्या प्रतीत पान उलटं लागलं, तेव्हा ते काम बाजूला ठेवलं. तुझ्याकडे येणारी गाडी पाच वाजता सुटते. ड्रायव्हर ओळखीचा आहे. आरोग्य केंद्राच्या दारात गाडी थांबवून पाकीट तुझ्याच हातात देईन म्हणाला आहे. म्हणजे उद्या, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास तू हे वाचत असशील. तीच गाडी बारा वाजता परत फिरते. ताई, त्या गाडीत बस आणि इकडे ये. कारण खाली लिहिलं आहे, पण वाचायला वेळ नसेल तर इथेच थांब आणि आवरायला घे.

आज सकाळी विधानसभेच्या सभागृहात तुझ्या चौकीचं सगळं बाहेर पडलं. दिवा, शर्ट, किल्ली, सगळं. तुमच्याकडे अजून कुणाला माहीत नसणार. मनोऱ्याच्या बॅटऱ्या चोरीला गेल्यापासून तुमचा फोन लागत नाही म्हणून मी चार महिने शिव्या मोजत होतो, आज पहिल्यांदा बरं वाटलं. पण उद्या संध्याकाळी सव्वासात वाजता रेडिओवर सभागृहाचा वृत्तान्त लागतो, आणि परवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा पोचतो. ठेकेदाराच्या लाकडाच्या वखारीत रेडिओ दिवसभर चालू असतो, हे तूच लिहिलं होतंस. मी कागदावर वेळ मांडून पाहिली. तुला दहा ते बारा एवढेच दोन तास आहेत.

गेल्या एप्रिलमध्ये चौकीतले सहाही पोलीस पंधरा दिवसांच्या बंदोबस्तासाठी म्हणून शहरात बोलावून घेतले. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. जाताना हवालदारकाकांनी किल्ली तुझ्या हातात ठेवली, कारण केंद्राची आणि चौकीची भिंत एकच, आणि 'सिस्टर, तेवढी उंदरांवर नजर ठेवा' म्हणून हसत गाडीत बसले. उंदरांचं मला काही वाटलं नव्हतं. मला भीती ठेकेदाराची. त्याच्या माणसांनी वनरक्षकाच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली, तू एकोणीस टाके घातलेस आणि वर जबाबही दिलास. साक्षीदार म्हणून कागदावर तुझी एकटीचीच सही आहे. त्याचे दोन ट्रक अजून चौकीच्या मागे जप्तीत उभे आहेत. आणि तो स्वतः जामिनावर बाहेर आहे.

म्हणून तू ते सुरू केलंस. रोज दिवेलागणीला चौकीचं कुलूप काढून आत दिवा लावायचा, खुंटीवर राहिलेला खाकी शर्ट भिजवून मागच्या दोरीवर वाळत घालायचा, सकाळी काढायचा. फेब्रुवारीच्या पत्रात तू लिहिलंस की ठेकेदाराची जीप आठवड्यातून दोनदा त्या वळणावर हळू होते, तो मान बाहेर काढून दोरीकडे बघतो आणि निघून जातो. पुढे लिहिलंस, 'मी आता बिनपगारी फौजदारीणबाई झाले आहे, तू सलाम ठोकायला शीक.' मी ते वाचून हसलो आणि नंतर जेवण गेलं नाही. शेवटी, कुणाला सांगू नकोस, असं लिहून त्याखाली तू दोन रेघा मारल्या होत्या.

ही युक्ती तुझी जुनीच. बाबा गेल्यावर आईला कारखान्यात दुसरी पाळी मिळाली, तेव्हा संध्याकाळी आपण दोघंच घरात असायचो. तू बाबांचे बूट दाराबाहेर ठेवायचीस, रोज जागा थोडी बदलून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की घरात पुरुष माणूस आहे. बुटांना पॉलिश करायचं काम माझ्याकडे होतं. शेजारचे आजोबा एकदा म्हणाले, 'काय रे, तुझे काका आलेत का राहायला?' मी मान हलवली. सहा वर्षांचा होतो, पण तोंडातून शब्द काढला नाही.

आता सकाळचं लिहितो. तुमच्या भागातले सदस्य, ते जुने मास्तर, त्यांनी तीन भागांचा प्रश्न दिला होता. पहिला, खोऱ्यातील पोलीस चौकी अकरा महिने बंद आहे, हे खरे आहे काय. दुसरा, असल्यास आरोग्य केंद्राच्या आणि दूरध्वनी मनोऱ्याच्या संरक्षणाचे काय. तिसरा, नसल्यास विलंबाची कारणे काय. जिल्ह्याहून उत्तर आलं. पहिल्याला, हे खरे नाही. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला, प्रश्न उद्भवत नाही. हे उत्तर इथे इतकं पाठ झालं आहे की माझ्या शेजारच्या टायपिस्ट बाईंना, चहा घेणार का, असं विचारलं तरी त्या मान वर न करता म्हणतात, 'प्रश्न उद्भवत नाही, पण आण.' मीच ते उत्तर टंकलिखित केलं. हे खरे नाही, हे तीन शब्द बडवताना मला तुझा दिवा दिसत होता.

आमच्या खोलीत भिंतीवर एक खोका आहे, त्यातून सभागृहातलं बोलणं ऐकू येतं. अकरा वाजून बावीस मिनिटांनी तुमचा प्रश्न आला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. मास्तर उठले आणि अगदी वर्गात विचारावं तसं म्हणाले, 'चौकी चालू आहे ना? मग काल रात्री तिथे कोण झोपलं होतं, तेवढं नाव सांगा. एकच सांगा.' कागद चाळल्याचा आवाज आला. मग मंत्री वाचू लागले. सहाही कर्मचारी गेल्या एप्रिलपासून शहरात बंदोबस्तावर आहेत. चौकीची किल्ली केंद्राच्या परिचारिकेकडे आहे. ती रोज संध्याकाळी चौकीत दिवा लावते आणि दोरीवर खाकी शर्ट वाळत घालते, त्यामुळे चौकीत पोलीस आहेत असा लोकांचा समज कायम आहे. पुढचं वाक्य वाचल्यावर आपण काय वाचतो आहोत ते त्यांना कळलं असावं, पण तोवर ते वाचून झालं होतं. ते वाक्य असं की, हा समज दूर झाल्यास परिचारिकेच्या जिवाला धोका संभवतो.

मग हसण्याचा आवाज आला. मागून कुणीतरी ओरडलं, 'अध्यक्ष महाराज, त्या शर्टाला बढती द्या.' पुन्हा हसले. मंत्री नवे आहेत, नऊ दिवसांचे. त्यांनाही हसू आलं आणि ते म्हणाले, आमची एक परिचारिका सहा पोलिसांना पुरून उरते, सभागृहाला तिचा अभिमान वाटला पाहिजे. बाकं वाजली. आमच्या खोलीतले दोघे जणही टेबल वाजवत होते. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, 'मी चौकी मागितली होती हो, तुम्ही माझी पोरगी दाखवून दिलीत.' ते तुला ओळखतात की उगाच म्हणाले ते मला माहीत नाही.

मी गप्प बसलो नाही, एवढं तुला कळावं. बारा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि आजच्या आज पोलीस पाठवायला सांगा म्हणालो. साहेब वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि समजावलं की मंत्र्यांनी चौकशी करू असं आश्वासन दिलं आहे, आता ते आश्वासन नोंदवहीत चढेल आणि त्यावर नव्वद दिवसांत कार्यवाही होईल. मी म्हणालो, साहेब, मला परवापर्यंत पाहिजे. ते म्हणाले, 'अरे बाळा, नियमात परवा हा शब्दच नाही.' मग मी खाली जाऊन जिल्हा पोलीस कार्यालयात फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडचा माणूस सगळं ऐकून म्हणाला, 'लेखी पाठवा.' मी विचारलं, लेखी पोचायला किती दिवस लागतात. तो म्हणाला, 'ते टपालाला विचारा.' मास्तरांना गाठायला गेलो, तर ते सभागृह सोडून कुठे निघून गेले ते दारावरच्या शिपायालाही ठाऊक नव्हतं.

तर आता नीट ऐक. चौकीत जाऊ नकोस, कुलूपसुद्धा काढू नकोस. किल्ली बरोबर ठेव, मागे ठेवलीस तर ती ठेवून घेणाऱ्याच्या गळ्यात पडेल. जबाबाची तुझ्याकडची प्रत पेटीच्या तळाशी आहे ना, ती घे. कंपाउंडरला, बहिणीचं बोलावणं आलं, असं सांग. तुला बहीण नाही हे त्याला माहीत नसेल. ती दिवस भरत आलेली मुलगी तुझ्याकडे मुक्कामाला आहे, हे मी विसरलेलो नाही. तिला आणि तिच्या सासूला याच गाडीत घे आणि वाटेत जिल्ह्याच्या इस्पितळापाशी उतरव, गाडी दारावरूनच जाते. तिच्या नावाने थांबशील म्हणून आधीच लिहून ठेवतो.

मंत्र्यांना हे सगळं कुठून कळलं, असं तू मघापासून विचारत असशील. मी टाळत आलो, आता तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली. आमच्याकडे उत्तर पांढऱ्या कागदावर असतं, आणि त्याच्याखाली एक गुलाबी कागद लावतात. गुलाबीवर खरी हकिगत असते, कुणी खोलात विचारलंच तर मंत्र्यांना मनातल्या मनात माहीत असावी म्हणून. तो मोठ्याने वाचायचा नसतो. नव्या मंत्र्यांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात, पांढरं वाचा, गुलाबी वाचू नका. तुझ्या चौकीचा गुलाबी कागद जिल्ह्याहून कोरा आला होता. माझं काम जसंच्या तसं टाइप करण्याचं. पण मला वाटलं, या एका माणसाला खरं कळलं तर तो गुपचूप फोन उचलेल आणि सहा पोलीस परत पाठवेल. म्हणून तू दोन रेघा मारून लपवायला सांगितलेलं मी चार वाक्यांत लिहिलं, शेवटचं जिवाचं वाक्यही माझंच. आणि काल संध्याकाळी भांडारात गुलाबी कागद संपला होता. उद्या सकाळी येईल म्हणाले, पण संच रात्रीच बांधून जायचा होता. मी ते पांढऱ्यावर टाइप केलं, वर, वाचू नये, असं लिहायचं सुचलं नाही, अंतर समान सोडलं, समास सरळ ठेवला, दोनदा तपासलं आणि उत्तराला टाचून दिलं. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आहेत. साहेबांनी ती मघाशी पाहिली आणि मला चार वाजता बोलावलं आहे. हे न लिहिता नुसतं 'ये' म्हणता आलं असतं. पण मी तुला ओळखतो. धोका आहे म्हटलं की तू पदर खोचून तिथेच उभी राहशील, पेशंट सोडून कशी येऊ म्हणशील. धोक्याला घाबरून तू कधी कुठून हलली नाहीस. म्हणून हे पत्र लिहिलं, ताई. घाबरून येऊ नकोस, माझ्यावर चिडून ये. गाडी गुरुवारी पहाटे पाचला पोचते. मी साडेचारपासून थांब्यावर उभा असेन, सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दे, मी गाल पुढे करीन.

तुझाच,
कानामात्रा

(तू ठेवलेल्या नावानेच सही करतो. आज तेवढाच हक्क उरला आहे.)

खर्च:
तुझं तिकीट ३४०
मुलगी आणि सासू, इस्पितळापर्यंत, प्रत्येकी ११०, एकूण २२० (बाळ झालं असेल तर त्याला तिकीट नाही)
वाटेत खाण्यापिण्याला १५०
ड्रायव्हरला दिले १०० (आणखी मागितले तर देऊ नकोस)
एकूण ८१०. त्यातले ७१० पाकिटात आहेत, मोजून घे.
माझ्याकडचे ३१०
टायपिस्ट बाईंकडून उसने ५००. पगार झाला की देतो म्हणालो आहे. पगार होणार का, ते चार वाजता कळेल.