वरून सांगणारा कुणी नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

चार नावं! सबंध देशातून चारच मुली — आणि तिसरं नाव, लुंबिनी मारोती सोनकांबळे. माझी लेक!

यादी मोबाईलवर सात वेळा वाचली. लुंबिनीची आई सरजा म्हणाली, "आठव्यांदा वाचल्यावर पाचवं नाव निघणार हाय का?" म्हणाली खरी, पण स्वतः जाऊन शेजारी तीन घरी सांगून आली.

स्पर्धा हैदराबादला. आशियातले सगळे देश. पुरुषांचे संघ आणि महिलांचे संघ, एकाच मैदानावर, एकाच दिवशी. बास्केटबॉलमध्ये पाच-पाच जण असतात एवढंच मला ठाऊक होतं. तेही चुकलं. यात तीन विरुद्ध तीन. अर्धंच मैदान, एकच जाळं, बाहेर बसलेली एक बदली खेळाडू. संपलं!

लुंबिनीचा फोन दोनच मिनिटं. फ्लेक्स लावू नका, सत्कार ठेवू नका, भाषण तर नकोच म्हणाली. का म्हणून विचारलं, तर "जाऊ द्या ना पप्पा." बावीस वर्षांची झाली. तिचं मला आताशा काही कळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज नांदेडहून लातूरला गेलो, फक्त संगप्पा सरांना भेटायला. अकरावीला लुंबिनी लातूरच्या वसतिगृहात राहिली, तेव्हा या माणसानं तिच्या हातात चेंडू दिला. मूळचे निलंग्याकडचे. बावीस वर्षं एका फुटक्या सिमेंटच्या मैदानावर मुली घडवतात — एक रुपया घेत नाहीत. यंदा भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक! तरी बोलतात असे, की समोरच्या बाकावरच्या माणसानं कान पुढे करावा.

खेळ समजावून घेतला. आतून टाकला तर एक गुण, मैदानावर आखलेल्या कमानीच्या बाहेरून टाकला तर दोन. चेंडू हाती आला की बारा सेकंदांत टाकायचा. एकवीस गुण किंवा दहा मिनिटं. जन्मभर ग्रंथ वाचले, पण बारा सेकंदांत एवढं सगळं कसं उरकतं ते डोक्यात शिरेना. सर पेल्या-चमच्यांनी दाखवत राहिले, मी गोंधळत राहिलो.

मग त्यांनी एक नियम सांगितला आणि मी खुर्चीतून उठलोच. या खेळात सामना चालू असताना प्रशिक्षकानं बोलायचं नाही! मैदानावर यायचं नाही, प्रेक्षकांत बसूनही सूचना द्यायची नाही. आधी ताकीद. पुन्हा झालं तर समोरच्या संघाला एक मोकळी फेक बहाल, पडली तर गुण. मुलींनी काय करायचं ते मुलीच ठरवणार.

"मग तुम्ही करता काय?" मी विचारलं.

"हात बांधून बसतो, सर. लई अवघड काम हाय ते."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

औशाच्या वाचनालयाचा कार्यक्रम. विषय 'ग्रंथ आणि आपण'. मी दहा मिनिटांत ग्रंथांवरून मैदानावर आलो! लुंबिनीला दिलेला शब्द मोडला नाही — सत्कार तिचा नव्हता, उदाहरण तिचं होतं.

म्हणालो, पिढ्यान्‌पिढ्या बाईला कुणीतरी वरून सांगत आलं. बाप सांगतो, भाऊ सांगतो, नवरा सांगतो — इकडं वळ, तिकडं थांब. आणि इथं एक खेळ असा आहे, की वरून सांगणारा कुणी नाही! सांगितलं तर गुन्हा! तीन मुली, बारा सेकंद, आणि निर्णय त्यांचा. संविधानानं दिलेला अधिकार आणखी वेगळा काय असतो?

टाळ्या थांबेनात. शेषेराव पहिल्या रांगेत. कॉलेजपासूनचा मित्र, किल्लारीकडं शेती करतो, माझं एक भाषण चुकवत नाही. गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मारोती, तू बोलत असताना समोर भूकंप झाला तरी तुला कळायचा न्हाई." भूकंप पाहिलेला माणूस असं म्हणतो, याला मी मान समजलो.

घरी सांगितलं तर सरजा हसली. "तुमी न्हाणीत बी बोलताव. कळतं का तुमाला, बोलून राहिलाव ते?"

काहीही!

१३ नोव्हेंबर

लुंबिनीचा मेसेज — 'आलात तर गप्प बसायचं. नाहीतर येऊ नका.' बापाला अशी अट! मान्य केली.

१५ नोव्हेंबर, शनिवार. हैदराबाद

हरलो.

नीट लिहितो, म्हणजे मला तरी समजेल.

सकाळी मी आणि शेषेराव पोचलो. आधी पुरुषांचा सामना. स्टेडियम खच्चून भरलेलं, ढोल, झेंडे. आपली पोरं जिंकली, आणि पाच मिनिटांत अर्धं स्टेडियम चहाला गेलं. मुली मैदानात आल्या तेव्हा माझ्या आसपासच्या दोन रांगा रिकाम्या! छातीत आग पेटली. पण शब्द दिला होता. मांडीवर हात ठेवून बसलो. संगप्पा सर आमच्या खाली, दोन रांगा सोडून. हात बांधलेले.

आमची लुंबिनी! केस घट्ट बांधलेले, पाठीवर देशाचं नाव. समोर थायलंड. गुण इतके भराभर पडत होते की मी मोजणं सोडलं, फळ्याकडं पाहायचं तेवढं. आठ-सात. बारा-तेरा. मध्येच पंचांनी शिट्टी वाजवून आमच्या बाजूच्या रांगांकडं बोट केलं. ताकीद. कशाबद्दल ते कळलं नाही. शेषेरावानं माझा सदरा ओढला, "खाली बस." मी उभा कधी राहिलो होतो?

एकोणीस-एकोणीस. शेवटचे दहा सेकंद. लुंबिनीच्या हातात चेंडू — आणि पुन्हा शिट्टी! प्रेक्षकांतून सूचना दिली म्हणून थायलंडला एक फेक. वीस-एकोणीस. मग लुंबिनीनं बाहेरून टाकलेला चेंडू कडीवर फिरला, फिरला, आणि बाहेर पडला.

लुंबिनी वर पाहत उभी राहिली. माझ्याकडं की सरांकडं, कळलं नाही. मी हात हलवला. तिनं हलवला नाही.

कोण ओरडलं? एवढी शिस्त पाळली सगळ्यांनी, मी तर श्वाससुद्धा धरून बसलो होतो. घसा मात्र पार बसलाय. आत एसी फार होता.

१६ नोव्हेंबर

परतीच्या गाडीत शेषेराव पाच तास खिडकीबाहेर पाहत बसला. मला वाटलं, हरल्याचं दुःख. चहा घेतला तेव्हा म्हणाला, "पोरगी चांगली खेळली." बस्स.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बातमी आली. संगप्पा सरांना संघातून बाजूला केलंय! पंचांच्या अहवालात लिहिलंय — 'संघ व्यवस्थापनाच्या आसनांजवळून प्रादेशिक भाषेत मोठ्याने सूचना.' लुंबिनी सोडून बाकीच्या तिन्ही मुली केरळ, तमिळनाडूकडच्या. व्यवस्थापनात मराठी बोलणारा माणूस एकच. झालं! चौकशी पंचवीस तारखेपर्यंत. दोषी ठरले तर पाच वर्षं बंदी — कुठल्याही स्पर्धेला संघ नेता येणार नाही. म्हणजे लातूरच्या त्या मैदानावरच्या चाळीस मुलींचं काय? त्यांना कोण नेणार?

ज्याचा आवाज समोरच्या बाकापर्यंत पोचत नाही, त्याच्यावर ओरडल्याचा आरोप! अन्याय दुसरा कसा असतो? मी गप्प बसणार नाही.

१९ नोव्हेंबर

आज लेकीवर ओरडलो. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

ती अजून शिबिरात आहे. चौकशी समितीनं चौघींना लेखी विचारलं, आवाज कुणाचा होता? बाकीच्या तिघींना मराठी कळत नाही. लुंबिनीनं लिहून दिलं म्हणे — सांगता येत नाही.

सांगता येत नाही! मी म्हणालो, ज्या माणसानं तुला घडवलं त्याचा आवाज तू ओळखत नाहीस? 'सरांचा नव्हता' एवढं लिहायला हात थरथरला का तुझा? भित्री झालीस. देशाचा शर्ट अंगात घातला आणि कणा काढून ठेवला!

मग म्हणाली, "सरांचा नव्हता हे लिहिलंय पप्पा. पुढचं नाही लिहिलं."

"पुढचं म्हणजे?"

फोन ठेवला. पुढचं म्हणजे काय? डोकं चालेनासं झालंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. लातूर

बैठक जोरात झाली. दीडशे माणसं! खेळाडू मुली, त्यांचे आईबाप, कॉलेजची पोरं, जुने कार्यकर्ते. मंगळवारी अकरा वाजता, चौकशीच्याच दिवशी, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणं. मी सांगितलं, सामन्याची चित्रफीत मिळवतोय. खरा दोषी शोधणार, आणि मंगळवारी माईकवरून नावानिशी सांगणार. हा माझा शब्द!

घोषणा दुमदुमल्या. पण दोन गोष्टी डाचतायत.

एक — निवेदनावर सगळ्यांनी सह्या केल्या, शेषेरावानं केली नाही. कागद समोर धरला तर पेन खिशाला लावून म्हणाला, "माझं राहू दे." चाळीस वर्षांत या माणसानं माझ्या कागदावर न वाचता सही केली आहे! विचारलं, तुला सर दोषी वाटतात का? म्हणाला, "न्हाई. अजिबात न्हाई." मग? तोवर तो चपला घालून बाहेर.

दोन — संगप्पा सर आलेच नाहीत. माणूस पाठवला तर निरोप आला, मुलींचा सराव चालू आहे.

२२ नोव्हेंबर

भाषणाचे मुद्दे काढले. नऊ पानं. छान उतरलंय, पण मन लागत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सरांचा फोन. त्यांनी स्वतःहून केलेला पहिलाच. मुळातच हळू, त्यात मैदानावरचा गोंगाट. धरणं नको म्हणाले. मी अन्यायाबद्दल बोलायला लागलो, ते मध्येच थांबले. माझं संपल्यावर म्हणाले, "सर, चौकशीत मी गुन्हा कबूल करणार हाय."

मी उडालोच. तुम्ही ओरडलात?

"न्हाई."

मग कबूल कशाला करता?

"खेळाडूच्या घरच्यांनी सूचना दिली असं निघालं तर खेळाडूवर बी कारवाई हाय. लुंबिनीचं वय हाय आता खेळायचं. माझं झालं." मग म्हणाले, "तुमी बोलू नका सर. तेवढं एक करा माझ्यासाठी."

खेळाडूच्या घरचे! म्हणजे कुणाचे? केरळच्या मुलीचा काका आला होता, पण त्याला मराठी कुठली? विचारणार होतो, फोन कट झाला. परत लावला, उचलला नाही.

हा माणूस दुसऱ्या कुणाचं तरी पाप अंगावर घेतोय. आणि तो दुसरा कुठंतरी निवांत बसलाय, जेवतोय, झोपतोय! मंगळवारी मी त्याला सोडणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

हैदराबादच्या एका ओळखीच्या वार्ताहरानं चित्रफीत पाठवली. शेवटची दोन मिनिटं, आमच्याच बाजूनं घेतलेली. उतरायला वेळ लागतोय. पुरावा हातात आला म्हणायचा! जेवण झाल्यावर शांतपणे ऐकतो.

दुपार

लावली. आवाज पूर्ण मोठा केला. बुटांची करकर, चेंडूचा ठोका, आणि त्या सगळ्यावरून एक आवाज — "लुंबे, मागं वळ! इकडं न्हाई, मागं! थांब! बाहेरून टाक, बाहेरून!"

सरांचा नाही! मी उठून उभा राहिलो. आता सुटले सर! पण हा माणूस कोण, ते काही लक्षात येईना. पुन्हा लावली.

सरजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "सोताचं भाषण कितींदा ऐकताव? बारीक करा की."

तिसऱ्यांदा लावली. मग बंद केली.

लुंबिनीला फोन लावला. तिनं उचलला. मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "ऐकलं का पप्पा?"

नऊ पानं फाडली. समितीला पत्र लिहिलं, चार ओळींचं — मुलीनं मला गप्प बसायला बजावलं होतं, तिचा मेसेज सोबत जोडला आहे.

उद्या अकरा वाजता, लातूर. नाव सांगतो म्हणून शब्द दिलाय.