खोडाळ्यास नाळ पुरली म्हणून हुतूतूतून काढलेल्या सोम्याबद्दल

प्रति,
मेहेरबान मुख्य कारभारी,
दसरा खेळ कमिटी, जव्हार

अर्जदार : हिरी कोम (बायको) माघ्या, राहणार शिरपामाळाखालचा पाडा.

विषय : मुलगा सोम्या यास सामन्यातून काढल्याबद्दल, व श्रीकृष्ण यास अद्दल घडण्याबद्दल.
संदर्भ : परवा पेठेत पिटलेली दवंडी.

मेहेरबान साहेब,

१. सोम्या माझा थोरला, पाड्यांच्या फळीतला पहिला गडी. गेल्या दसऱ्यास पेठेच्या फळीचा म्होरक्या श्रीकृष्ण चढाईस आला, तेव्हा सोम्याने त्याचा घोटा धरला तो दम सुटेपर्यंत सोडला नाही. श्रीकृष्ण साऱ्या मंडळींदेखत धुळीत पालथा पडला. पुढचे सारे त्यातून निघाले आहे.

२. त्यानंतर पेठेच्या फळीच्या चाहत्यांनी आवई उठवली की सोम्या जव्हार संस्थानची रयत नव्हे, इंग्रजी मुलखातला आहे, सबब त्यास खेळता येत नाही. मग तो मोखाड्याच्या चौकीचा शिपाई झाला. मग त्याचे वय पस्तीस झाले आणि खोडाळ्यास त्याला नातवंडही झाले. त्याला अजून मिसरूड नीट फुटलेली नाही. कमिटीने मला बोलावून नाळ कोठे पुरली एवढेच विचारले. पहिले बाळंतपण माहेरी होते, माझे माहेर खोडाळे, मोखाड्याकडचे म्हणजे इंग्रजी मुलखातले, नाळ माझ्या आईने तिथे उंबऱ्याशी पुरली. लपवण्यासारखे काही नव्हते म्हणून सांगितले. त्यावर, नाळ जेथे रयत तेथली, असे ठरवून माझ्या मुलाचे नाव काढले.

३. श्रीकृष्ण हाही शांताबाईंचा थोरला. त्या बाळंतपणास नाशिकास माहेरी गेल्या होत्या, हे पेठेत सर्वांस ठाऊक आहे. नाशिक इंग्रजांचेच. तरी त्याचेही नाव काढावे. अर्ज लिहिणारे दामोदरपंत यांनी येथे ‘हे द्वेषबुद्धीने नव्हे’ असे घातले होते, ते मी खोडायला लावले. द्वेषानेच सांगत आहे. त्याची दवंडी त्याच्या दुकानासमोर थांबून सावकाश पिटावी, व त्याला पडलेला पाहून जे हसले होते त्यांना मुद्दाम बोलवावे. कमिटीतही जे थोरले असतील त्यांनी आपापल्या आईस विचारावे आणि उत्तर येईल त्याप्रमाणे बैठकीतून उठावे.

४. सोम्या दवंडी ऐकल्यापासून जेवलेला नाही. काल मला म्हणाला, “आये, तू माना अठंच का नाय जनलीस?” माहेरी गेले हा माझा गुन्हा, असे माझ्या पोराला वाटायला लावलेत. याची मला फार चीड आहे आणि ती जाणार नाही.

५. दसऱ्याचे मैदान झाडणे, मांडव घालणे, पाहुण्यांची ओझी वाहणे ही वेठ दरसाल आमच्या पाड्याकडे असते. सोम्या मिसरूड फुटायच्या आधीपासून या वेठीला जातो. तेव्हा त्याची नाळ कोणी विचारली नाही. मी काल घरोघर हिंडून विचारले. आमच्याकडच्या सुना बहुतेक मोखाड्याकडून आलेल्या, त्यामुळे पाड्यातले थोरले झाडून सारे परमुलखातले निघाले. कमिटीचा निकाल त्या सर्वांना मान्य आहे. ते उद्या कामाला येणार नाहीत. पेठेत खराटा नसेल तर आमचा न्यावा, मात्र तो संध्याकाळी परत द्यावा.

६. यावर कोणी शिपाई पाठवून त्यांना धरून आणण्याचा विचार केल्यास, मी आधीच सांगून ठेवते. इंग्रजी मुलखातली माणसे फुकट राबवली, असा दुसरा अर्ज दामोदरपंतांकडून लिहून घेतला आहे. तो ठाण्याच्या कलेक्टरसाहेबांस आहे. सोम्याचे नाव दसऱ्याच्या सकाळपर्यंत फळीत परत आले नाही, तर मी तो स्वतः घेऊन ठाण्यास निघेन.

आपली रयत, मुलगा वगळून,
हिरी कोम माघ्या
निशाणी बांगडी

दस्तुर : दामोदर, अर्जनवीस, पेठ जव्हार
मिती आश्विन शुद्ध ७, शके १८३५